मराठवाड्यात समाजशास्त्र शिकताना: प्रवेशापासून प्रकल्पापर्यंत

बीड, लातूर, परभणीकडच्या कॉलेजांत समाजशास्त्र हा विषय बऱ्याचदा 'सोपा आहे, गाईड वाचलं की निघतो' एवढ्याच माहितीवर घेतला जातो. गाईड वाचून पास होता येतं, हे खरं. पण तीन वर्षं देऊन हाती फक्त गुणपत्रिका लागणार असेल तर ती वर्षं वाया गेली, आणि ते बघताना जीव तुटतो. आपल्या भागातल्या मुलामुलींच्या दारात या विषयाचं एवढं साहित्य पडलेलं असतं की ते बघायला बाहेरचे संशोधक मुद्दाम इथे येतात. ऊसतोडीला जाणारी गावं, तांडे, भूकंपानंतर नव्याने वसलेल्या वस्त्या, नामांतराचा लढा, दर्गा आणि देऊळ दोन्हीकडे नवस बोलणारी घरं, हे सगळं आपण रोज बघतो. बघणं आणि अभ्यासणं यात मात्र अंतर आहे. ते कसं कापायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी दोन धडे वाचा, मग फॉर्म भरा

बालभारतीची अकरावी-बारावीची समाजशास्त्राची पाठ्यपुस्तकं मराठीत आहेत आणि ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. प्रवेशाआधी त्यातले कुठलेही दोन धडे सावकाश वाचा. वाचताना आपली गल्ली, आपल्या घरातलं एखादं लग्न, गावातलं एखादं भांडण डोळ्यासमोर येत असेल आणि 'हे असं का होतं?' असा प्रश्न पडत असेल, तर विषय तुमच्यासाठी आहे.

दुसरी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. 'मला समाजासाठी काहीतरी करायचंय' म्हणून अनेक जण समाजशास्त्राकडे येतात. भावना चांगली आहे, पण त्यांना बहुधा समाजकार्य हवं असतं. समाजकार्यात माणसांसोबत काम कसं करायचं याचं प्रशिक्षण मिळतं. त्यासाठी बी.एस.डब्ल्यू., एम.एस.डब्ल्यू. असे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत आणि आपल्याच धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल आहे. समाजशास्त्रात समाज चालतो कसा हे समजून घ्यायचं असतं, पुराव्याने मांडायचं असतं. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, फक्त चुकीच्या वाटेला लागून नंतर कंटाळू नका.

प्रवेश, कागदपत्रं, शिष्यवृत्ती

मराठवाड्यातली बी.ए.ची बहुतेक कॉलेजं दोन विद्यापीठांकडे येतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतली कॉलेजं १९५८ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीतली १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. बी.ए. गावाजवळच्या कॉलेजात करून एम.ए.ला विद्यापीठाच्या विभागात जायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा रस्ता आहे आणि तो वाईट नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) असे विषय निवडावे लागतात. प्रवेशाच्या खिडकीवर एक प्रश्न नक्की विचारा: या कॉलेजात समाजशास्त्र मेजर म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत आहे का, की फक्त मायनर म्हणून? आणि शिकवणारे किती जण आहेत? तालुक्याच्या अनेक कॉलेजांत या विषयाला एकच प्राध्यापक असतात, काही ठिकाणी तासिका तत्त्वावर. एकच असूनही जीव ओतून शिकवणारी माणसं आहेत, त्यामुळे आकड्यावरच निर्णय घेऊ नका. शक्य असेल तर तिथे शिकणाऱ्या ताई-दादांना भेटा आणि विचारा, 'सर तास घेतात का? वाचायला पुस्तकं देतात का?' तेवढ्यात सगळं कळतं. पदवी तीन वर्षांत घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स मिळवता येते, आणि चार वर्षं केलेल्यांना एम.ए. एका वर्षात करायची सोय धोरणात आहे.

कागदपत्रांची फाईल जूनच्या आधीच लावून ठेवा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, जात प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जात असाल तर मायग्रेशन. निकाल लागल्यावर सेतू केंद्रावर रांग लागते आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आठ-आठ दिवस जातात. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही आताच तपासा, कारण महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यातच येते.

शिष्यवृत्तीचा फॉर्म कॉलेज भरेल या भरवशावर राहू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या मागास खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, त्यातून राहण्या-जेवण्याचा खर्च निघायला मदत होते. एकाला लागू असलेली अट दुसऱ्याला नसते, म्हणून मित्राचं ऐकून 'आपल्याला नाही मिळत' असं धरू नका. पोर्टलवर स्वतः वाचा.

पहिल्या सत्राची खरी कमाई: संकल्पनांची वही

दर्जा, भूमिका, प्रमाणक, सामाजीकरण, स्तरीकरण, गतिशीलता असे शब्द पहिल्या महिन्यात धडाधड अंगावर येतात. पाठ करून ते दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर संकल्पना आणि ती कुणी, कशी मांडली ते लिहा. उजव्या पानावर स्वतःच्या गावातलं उदाहरण लिहा. त्याखाली जागा सोडा आणि तिथे लिहा की हे उदाहरण संकल्पनेत कुठे बसत नाही. हा तिसरा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच सगळे टाळतात.

स्तरीकरण घ्या. पुस्तकात लिहिलेलं असतं की समाजात उच्च-नीच थर असतात आणि ते पिढ्यानपिढ्या टिकतात. आता किल्लारीकडे बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर-धाराशिव भागातली गावं जमीनदोस्त झाली. नवी गावं दुसऱ्या जागी वसवली गेली, सरळ रस्ते आखून. त्यात कुणाला किती मोठं घर द्यायचं हे त्या कुटुंबाकडे जमीन किती यावर ठरलं. भूमिहीनांना आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भूकंपाने सगळ्यांची घरं सारखीच पाडली होती, पण बांधताना जुने थर विटा-सिमेंटमध्ये पुन्हा उभे राहिले. हे उजव्या पानावर. आणि खाली प्रश्न लिहा: आज तीस वर्षांनी २५० फुटांच्या घरातला मुलगा पुण्यात नोकरीला लागला असेल आणि ७५० फुटांच्या घराला कुलूप असेल, तर थर कुठे राहिले? हा प्रश्न घेऊन एखाद्या पुनर्वसित गावात जाणारा विद्यार्थी स्तरीकरण कधी विसरणार नाही.

विवाहसंस्थेचा धडा घ्या. विवाह म्हणजे समाजमान्य संबंध, वारसा, वंशसातत्य, इत्यादी. आता बीड जिल्ह्यातला कोयता घ्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती या जोडीवर. एकटा पोरगा फडावर गेला तर त्याची गणती अर्ध्या कोयत्यात होते. मग मुलाचं लग्न लवकर उरकण्यामागे परंपरा किती आणि उचल किती? मुलीला मागे कुणाकडे ठेवायचं, ही भीती किती? कामावर नाही गेलं तर खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात, त्यामुळे बाईचं दुखणं अंगावर काढलं जातं. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा या खाड्याचीही चर्चा झाली. लग्न, मजुरी, कर्ज, आरोग्य आणि मुलांची शाळा हे पाच वेगवेगळे धडे पुस्तकात असतात. गावात ते एकाच घरात, एकाच हंगामात घडतात. ते जोडता आले की विषय हातात आला.

आप्तसंबंधांचा धडा मुलांना रटाळ वाटतो. त्यावर उपाय म्हणजे घरी जाऊन आजीजवळ बसणं. तीन पिढ्यांचा तक्ता काढा. प्रत्येक सुनेचं माहेर कुठलं आणि प्रत्येक लेक कुठे दिली, ते लिहा. किती अंतरावर, कुणाच्या ओळखीने, मामाच्या घरात लग्न झालं का, आणि आता ते का होत नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातल्या आप्तसंबंधांचा प्रदेशवार अभ्यास केला आणि महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण पद्धतींच्या मधला पट्टा आहे असं दाखवलं. मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलीशी मात्र अनेक समाजांत टाळतात, हे तुमच्या तक्त्यात दिसतं का? दिसलं तर छान, नाही दिसलं तर जास्त छान, कारण मग तुमच्याकडे विचारायला प्रश्न आहे.

दर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाशी ओळख पहिल्या-दुसऱ्या वर्षात होते. १८९७ साली त्याने आत्महत्येवर ग्रंथ लिहिला आणि आत्महत्येसारख्या अत्यंत खाजगी वाटणाऱ्या कृतीचं प्रमाणही समाजातल्या बांधिलकीनुसार बदलतं असं मांडलं. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत प्रमाण जास्त का, विवाहितांपेक्षा अविवाहितांत का, असे प्रश्न त्याने सरकारी आकड्यांवरून विचारले. मराठवाड्यात हा धडा शिकवताना वर्ग गप्प होतो, कारण कुणाच्या ना कुणाच्या भावकीत ते घडलेलं असतं. इथे आकड्यांबद्दल एक गोष्ट शिकून घ्या. शेतकरी आत्महत्येनंतर वारसांना सरकारची एक लाखाची मदत मिळते, पण त्याआधी जिल्हा समिती ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते. सात-बारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की हातउसनं, वसुलीचा तगादा होता का, हे तपासलं जातं. ज्याच्या नावावर जमीन नाही असा बटाईदार किंवा ज्या बाईने आयुष्यभर शेत कसलं पण सातबाऱ्यावर नाव लागलं नाही, त्यांचं दुःख या चौकटीत सहज मावत नाही. म्हणजे आकडा हाही समाजाने घडवलेला असतो. दर्खीमवर पुढच्या अभ्यासकांनी हीच टीका केली की त्याने सरकारी नोंदींवर फार विश्वास टाकला. पुस्तकातली टीका अशी आपल्या तहसीलपर्यंत आणून पाहिली की ती समजते.

एक विनंती, आणि ती मनापासून आहे. पदवीच्या प्रकल्पासाठी अशा घरांत प्रश्नावली घेऊन जाऊ नका. ज्या घरात दुःख ताजं आहे तिथे जाण्याची तयारी, मार्गदर्शन आणि जबाबदारी वेगळी लागते. तुमच्या दहा गुणांसाठी कुणी आपली जखम पुन्हा उघडू नये.

काय वाचायचं, कोणत्या भाषेत

परीक्षा मराठीत देता येते, पण चांगलं साहित्य बरंचसं इंग्रजीत आहे. घाबरू नका आणि पळूही नका. आधी मराठीतलं प्रकरण वाचा, मग त्याच विषयावरचं इंग्रजीतलं. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) समाजशास्त्राचं साहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहे आणि त्याची भाषा सोपी आहे. रोज दोन पानं वाचली तरी वर्षअखेर तुमच्या सोबतच्यांपेक्षा तुम्ही पुष्कळ पुढे असाल. नव्या शब्दांच्या जोड्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत जा. गाईड शेवटच्या पंधरा दिवसांत उजळणीला ठीक, सुरुवात त्याच्यापासून नको.

बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठात शिकता, तर त्यांचा जातिसंस्थेवरचा निबंध पहिल्याच वर्षी वाचा. ९ मे १९१६ रोजी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी तो वाचला, तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं. जातीबाहेर लग्न न करण्याचा नियम हाच जातीचा कणा आहे, आणि तो टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा कशा कामी आल्या, हे ते एकेक पाऊल टाकत सिद्ध करतात. निबंध लहान आहे आणि महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात मिळतो. युक्तिवाद कसा बांधायचा हे शिकायला याहून चांगलं काही मला माहीत नाही. जोतीराव फुले, ताराबाई शिंदे यांचं लेखनही मूळ मराठीत आहे, हे आपलं भाग्य. सारांशावर थांबू नका.

घुर्ये, श्रीनिवास, ए. आर. देसाई, श्यामाचरण दुबे ही नावं अभ्यासक्रमात येतातच. त्यांतल्या दुबे यांच्याकडे आपण जास्त आपुलकीने बघावं. त्यांचा १९५५ साली प्रसिद्ध झालेला ग्रामअभ्यास शमीरपेठ या हैदराबादजवळच्या गावाचा आहे, म्हणजे ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत आपणही होतो, त्याच राज्यातल्या गावाचा. देशमुखी, पाटीलकी, बलुतं यांच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्या असतील तर ती पानं ओळखीची वाटतील.

आपल्या दोन्ही विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. तुमच्या तालुक्यावर कुणी आधी काम केलंय का, ते तिथे शोधा. सगळे प्रबंध उत्तम नसतात. कुठला कच्चा आहे आणि का, हे ओळखणं हाही अभ्यासच.

वर्गात आरक्षणावर वाद होणार, त्याची तयारी

आपल्या वर्गात मराठा, ओबीसी, बौद्ध, मातंग, बंजारा, धनगर, मुस्लिम अशी सगळी मुलं एका बाकावर असतात. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीपासून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटल्यानंतर तर जातीचा तास सुरू झाला की आवाज चढतातच. शिक्षक काही वेळा विषय गुंडाळून पुढे जातात. मला वाटतं, हा तास गुंडाळू नये. मराठवाड्यात समाजशास्त्र शिकून जातीवर शांतपणे बोलता आलं नाही, तर काय शिकलो?

त्यासाठी एक सवय लावा. ज्या मताच्या तुम्ही विरोधात आहात, ते मत वहीत असं लिहा की ते मानणारा मित्र वाचून म्हणेल, 'हो, मला हेच म्हणायचंय.' तेवढं जमल्यावरच तुमचं उत्तर लिहा. आणि प्रत्येक विधानापुढे लिहा की हे कशावरून: आयोगाचा अहवाल, जनगणना, न्यायालयाचा निकाल, की व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड. संभाजीनगरला असाल तर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, असा नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, आणि नामविस्तार, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडणं, झाला १९९४ च्या १४ जानेवारीला. मधली सोळा वर्षं काय घडलं हे तिथे येणाऱ्या वयस्कर माणसांकडून ऐका. सामाजिक चळवळीचं प्रकरण वाचण्याआधी ते ऐकलेलं बरं.

क्षेत्रकार्य: इथे वेळ द्या

प्रकल्प किंवा लघुशोधप्रबंध कधी ना कधी करावाच लागतो. बहुतेक जण शेवटच्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानातून जुना प्रबंध आणून नाव बदलतात. तुम्ही तसं करू नये असं मला फार वाटतं, कारण हे एकच काम तुम्हाला पुढे उपयोगी पडणार आहे.

विषय लहान घ्या. 'मराठवाड्यातील ग्रामीण स्त्रियांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास' असं शीर्षक दर वर्षी शेकड्याने दिसतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी 'आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायांनी कर्ज कशासाठी उचललं आणि कुणी फेडलं' हा विषय घ्या. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाया जागा कशी मिळवतात, लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलांच्या आया गाव सोडून येतात तेव्हा घर कोण चालवतं, माळेगावच्या यात्रेत जनावरांचा सौदा कसा ठरतो, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा कुठल्या गल्लीत टँकर आधी पोचायचा: असे प्रश्न घ्या. एका वाक्यात विचारता आला नाही तर विषय अजून मोठा आहे असं समजा.

वेळ बघा. ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. आपली दुसरी-चौथी सत्रं नेमकी त्याच काळात येतात. पाटोदा, शिरूर, धारूरकडच्या गावात जानेवारीत सर्वेक्षणाला गेलात तर घरोघरी म्हातारी माणसं आणि लहान लेकरं भेटतील. त्यावरून 'गावात तरुण कामकरी कुटुंबं कमी आहेत' असा निष्कर्ष निघेल, आणि तो खोटा असेल. अशा गावाचं काम गणपती ते दसरा या दिवसांत उरका, किंवा मग मागे राहिलेल्यांचाच अभ्यास करा: आजी नातवंडं कशी सांभाळते, शाळेचा पट किती घटतो.

घरं कशी निवडायची? ओळखीच्या वीस घरांत गेलात तर ते सर्वेक्षण होत नाही. ग्रामपंचायतीकडे नमुना ८ ची नोंदवही असते, त्यात घरांची यादी मिळते. त्यातलं दर दहावं घर घ्या, किंवा चिठ्ठ्या काढा. पण नोंदवहीत पारध्यांची पालं नसतात, शेतातल्या वस्त्या सुटतात, तांडा कधी वेगळ्या यादीत असतो. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना घर न् घर माहीत असतं. त्यांना भेटून यादी ताडून बघा, आणि त्यांचा वेळ घेतला याची जाण ठेवा.

प्रश्न कसे विचारायचे, यावर सगळं अवलंबून आहे. 'घरातले निर्णय कोण घेतं?' असं विचारलं की उत्तर येतं, 'सगळे मिळून.' ते उत्तर तुमच्यासाठी दिलेलं असतं. त्याऐवजी विचारा: मागच्या वर्षात घरात मोठी वस्तू काय आली? दुकानात कोण गेलं होतं? पैसे कुणाच्या खात्यातून गेले? सोयाबीन विकायला आडतीवर कोण गेलं, पट्टी कुणाच्या हातात पडली? घडलेल्या गोष्टीबद्दल विचारलं की माणूस खरं सांगतो. जात, उत्पन्न, कर्ज हे प्रश्न शेवटी ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत विचारलेत तर चहा मिळेल, माहिती मिळणार नाही. बायांशी बोलताना भोवती घरचे पुरुष जमतात आणि तेच उत्तरं द्यायला लागतात, म्हणून दुपारच्या निवांत वेळी किंवा कापूस वेचायला जाऊन बोललेलं बरं. वर्गातल्या मुलींना सोबत घेतलं तर हे काम खूप चांगलं होतं. दोघी-दोघींनी जा, आणि परतीची शेवटची एसटी कधीची ते आधी विचारून ठेवा.

मुलाखतीआधी आपण कोण, कशासाठी आलो, हे साध्या भाषेत सांगा. 'काही योजना आली का?' असं हमखास विचारतील. नाही आली, हे स्पष्ट सांगा. घरकुल मिळेल अशी आशा लावून घेतलेली माहिती ही फसवणूक आहे. आधार क्रमांक घेऊ नका, न विचारता फोटो काढू नका, रेकॉर्डिंगला परवानगी घ्या, अहवालात नावं बदला. लहान गावात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा 'सरपंचाची चुलती' असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

रात्री झोपण्याआधी त्या दिवसाच्या नोंदी लिहून काढा. सकाळी निम्मं विसरलेलं असतं. आणि नोंदींच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. एम. एन. श्रीनिवास यांच्या म्हैसूरकडच्या गावावरच्या नोंदी १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत जळाल्या आणि त्यांना गावाबद्दलचा ग्रंथ आठवणीतून लिहावा लागला. त्यांच्याजवळ तशी स्मरणशक्ती होती. आपण वहीच्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करावेत.

लिहिणं

तीस घरांचा अभ्यास केला असेल तर निष्कर्षही तीस घरांपुरताच लिहा. बारा जणांचे टक्के काढून ८.३३ असं छापू नका, 'बारापैकी एक' हे जास्त प्रामाणिक. गावाची पार्श्वभूमी देताना जनगणनेचे गावनिहाय आकडे वापरा आणि ते २०११ चे आहेत हे लिहा. मुलाखतीतली वाक्यं माणसाच्या बोलीतच ठेवा. 'आमी काय करावं, पाऊसच न्हाई' हे वाक्य प्रमाण मराठीत आणलं की त्यातला जीव जातो.

परीक्षेच्या उत्तरातही हेच वळण ठेवा: आधी विचारवंताचं म्हणणं, मग त्याची कारणं, मग आपल्या भागातलं एक नेमकं उदाहरण, शेवटी त्या म्हणण्याच्या मर्यादा. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन वेळ लावून दोन-दोन उत्तरं लिहा. वहीतली उजवी पानं इथे कामाला येतात.

पुढे काय

नुसत्या बी.ए. समाजशास्त्रावर नोकरी मिळते असं मी सांगणार नाही. सोबत काहीतरी जोडावं लागतं. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए. आणि बी.एड. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. नंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्नांचा सर्वांना सारखा, दुसरा आपल्या विषयाचा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. तो पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, म्हणूनच वर रोजच्या दोन पानांचा आग्रह धरला. सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पीएच.डी. करायची असेल तर बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), महाज्योती (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी) या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण, आणि मराठीत लिहिता येतं. पहिला पेपर विचारवंत आणि संकल्पनांचा, दुसरा भारतीय समाजाचा, म्हणजे तुमचा पदवीचा अभ्यास थेट उपयोगी पडतो. पहाटे भरतीचं रनिंग आणि दिवसभर अभ्यासिका, असं करणारी मुलं कॉलेजात येतच नाहीत. त्यांना एवढंच सांगेन की आठवड्यातून दोन दिवस तरी तासाला बसा. ज्या विषयाचे नंतर पैसे मोजून क्लास लावाल, तोच विषय इथे शिकवला जातोय.

उमेदसारख्या ग्रामीण अभियानात, स्वयंसेवी संस्थांत आणि सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांत प्रश्नावली नीट भरून घेणारी, एक्सेलमध्ये तक्ते करणारी आणि दोन पानांचा स्वच्छ अहवाल लिहिणारी माणसं लागतात. पदवीच्या काळात या तीन गोष्टी शिका आणि प्रकल्पाची एक चांगली प्रत जपून ठेवा, मुलाखतीत दाखवायला.

घरची शेती किंवा नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची आणि इग्नूची अभ्यास केंद्रं आपल्या भागातही आहेत. इग्नूमध्ये समाजशास्त्राची एम.ए. घरून करता येते. प्रवेश घेण्याआधी आपल्या जवळच्या केंद्रावर संपर्कसत्रं आणि परीक्षा खरोखर होतात का, हे एकदा जाऊन विचारून या.